घुम्याचं मंत्रिमंडळ

काही माणसं जन्माला येताना शब्द मोजून घेऊन येतात आणि मग ते आयुष्यभर पुरवून पुरवून वापरतात. घुम्या त्यातला. लहानपणी भूक लागली तर तो ताटाकडे बघे आणि ताप आला तर कपाळाला हात लावून बसे. बाकीचं आईने ओळखायचं. घुम्या हे नाव कोणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण ते पाठीवरच्या तिळासारखं अंगाचंच होऊन गेलं. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीने त्याला एकच विचारलं, "तुम्हाला बोलता येतं ना?" तो म्हणाला, "येतं." तिला हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच लग्न ठरून गेलं. ती विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत काम करते. दिवसभर फोनवर परक्या भाषेत परक्या माणसांशी बोलते. तिला कोणी विचारलं की बाई, अशा माणसाबरोबर दिवस कसे काढतेस, तर ती म्हणते, दिवसभर माझे कान भरतात. घरी गेलं की माझ्यासाठी शांतता झाकून ठेवलेली असते.

घुम्याने वाचवलेले सगळे शब्द त्याच्या थोरल्या भावाच्या वाट्याला आले असावेत. थोरला म्हणजे उघडा राहिलेला नळ. घराच्या पुढच्या भागातच दोघा भावांचं गादीकामाचं दुकान आहे. बसच्या सीटा, सोफे, डॉक्टरांकडचं तपासणीचं बाकडं, न्हाव्याची खुर्ची, जे जे बसून बसून फाटतं ते सगळं त्यांच्याकडे येतं. कापड लाकडाला ठोकायचा जो बारीक खिळा असतो त्याला गादीवाले चूक म्हणतात. थोरला अशा मूठभर चुका तोंडात धरून काम करतो. ओठाच्या एका कोपऱ्यातून चूक बाहेर येते आणि दुसऱ्या कोपऱ्यातून गोष्ट. आजवर त्याने एकही चूक गिळली नाही आणि एकही गोष्ट गिळली नाही.

त्या दुकानाची भाषा दोन शब्दांची आहे: काढ आणि चढव. काढ म्हणजे जुनं कापड उतरव, चढव म्हणजे नवं ठोक. दाराच्या डाव्या अंगाला ठेवलेल्या वस्तूचं काढायचं, उजव्या अंगाला ठेवलेली झाली म्हणून समजायचं. सकाळी दुकान उघडलं की घुम्या नुसतं एखाद्या खुर्चीकडे बोट करून "काढ" म्हणतो आणि दुपारी "चढव" म्हणतो. तेवढ्यावर दिवस निघतो.

अशा माणसाला परदेशातली जुनी खोकी जमवायचं वेड लागलं ते एका गाडीमुळे. ठिकठिकाणी कार्यक्रम करत हिंडणारा एक वाद्यवृंद होता. त्यांच्या गाडीच्या सीटा शिवायला आल्या, आणि त्याबरोबर गिटारवाल्याने एक लाकडी खोकंही आणलं. गिटारची तार जोडायची यंत्राला, आणि यंत्राचा आवाज या खोक्यातून बाहेर पडायचा. पोटात मोठमोठे स्पीकर, तोंडावर जाळीदार कापड, आणि ते कापड फाटलेलं. घुम्याने जुनं काढलं, नवं चढवलं, खोकं नवरीसारखं सजवून उभं केलं. गिटारवाल्याने तिथेच तार जोडून खालच्या सुराची जाड तार छेडली. तो सूर घुम्याच्या कानात शिरलाच नाही. तो सरळ बरगड्यांत शिरला आणि पाहुणा टेकतो तसा तिथे टेकला. गिटारवाला मात्र मान तिरकी करून म्हणाला की काम सुरेख झालंय, पण जुन्या कापडातून आवाज जरा खुलून येत होता.

घुम्याने सबंध आयुष्य जुनं काढण्यात घालवलं होतं. जुन्याबरोबर आणखीही काही निघून जात असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो त्या संध्याकाळी जेवताना दोनदा थांबला, आणि बायकोने ओळखलं की काहीतरी सुरू झालं.

सुरू झालं ते असं. ही खोकी पूर्वी ज्या देशांत बनत, तिथे ती आता कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गाडीखान्यात, कुणाच्या जिन्याखाली पडलेली असतात. तिथले लोक त्यांचे फोटो काढून विकायला ठेवतात. घुम्या ते फोटो बघत बसे. माणसं चेहरा बघतात, हा पाठ बघे. मागची फळी, फळीचे स्क्रू, कडेला दिसणारे प्लायचे पदर. स्क्रूच्या डोक्यावर नवे चरे दिसले की तो मान हलवी. म्हणजे कोणीतरी मध्ये उघडून हात घातलाय. मग बायकोला प्रश्न लिहायला सांगे. पहिले प्रश्न शहाण्यासारखे असत. स्पीकर मूळचेच आहेत का, ओल लागली होती का. शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला: वास कसा आहे?

बायको म्हणे, अहो, मी दिवसभर त्या लोकांशी अदबीने बोलते, हे मी लिहिणार नाही. पण शेवटी लिहायचीच. कोणी उत्तरच देत नसे. एकाने कळवलं की साहेब, मी खोकं विकतोय, अत्तर नव्हे. आणि एकाने लिहिलं, "माझ्या काकांसारखा." घुम्याने ते खोकं घेतलं.

ते पहिलं खोकं बंदरात उतरलं तेव्हा कागदावर लिहिलं होतं कॅबिनेट, कारण तिकडे अशा खोक्याला तेच म्हणतात. तिथल्या साहेबाने समोर बघितलं तर दार नाही, कप्पे नाहीत, कडी नाही. त्याने विचारलं, यात कपडे कुठे ठेवायचे? घुम्या गप्प. साहेबाला संशय आला. त्याने तोच प्रश्न आवाज चढवून विचारला. घुम्या आणखी गप्प. तेव्हा थोरला पुढे झाला आणि बोलायला लागला. लाकडापासून सुरुवात करून तो स्वतःच्या गुडघेदुखीपर्यंत पोचला तेव्हा साहेबाने हात जोडून शिक्का मारला.

घरी दुसरी तऱ्हा. वहिनीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, कॅबिनेट येतंय एवढंच ऐकलेलं. तिने ट्रंक रिकामी करून सगळ्या चादरी घड्या घालून तयार ठेवल्या होत्या. खोक्याभोवती ती दोनदा फिरली, मागे डोकावली, आणि म्हणाली, "यात चादरी कुठे ठेवू गं?"

घुम्याची बायको म्हणाली, "वहिनी, हे चादरीचं कॅबिनेट नव्हे. हे मंत्रिमंडळ आहे. नुसतं बसून राहणार आणि आवाज करणार."

झालं. त्या दिवसापासून घरात मंत्रिमंडळ आलं आणि दर थोड्या दिवसांनी त्याचा विस्तार होऊ लागला. खातेवाटप बायकोच करी. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं असलेलं ते अन्नखातं. मोरीजवळचं ते पाणीपुरवठा. बोळातल्या ज्या खोक्यावर प्रत्येकाची नडगी आपटे, त्याला तिने वाहतूक दिलं. एकाचा स्पीकर प्रवासात मुका झाला होता, तो बिनखात्याचा मंत्री. विरोधी पक्षात आपण एकट्याच आहोत, असं ती शेजारणींना सांगे. आणि पुन्हा संध्याकाळी परक्या देशात कोणाला तरी वास विचारत बसे.

पुढे घुम्याने मागची खोली रिकामी केली आणि सगळं मंत्रिमंडळ तिथे हलवलं. ती खोली बघण्यासारखी आहे. खोकी जमिनीवर नाहीत, लाकडी पट्ट्यांवर आहेत, म्हणजे खालून वारा खेळतो. भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे भिंतीची ओल पोचत नाही. खिडकीला जाड पडदा, म्हणजे उन्हाने कापड विटत नाही. डांबराच्या गोळ्यांना बंदी, कारण त्यांचा वास खोक्याच्या वासावर बसतो. धूळ झाडायला दाढीचा मऊ ब्रश, आणि तोही वरून खाली, एकाच दिशेने, जसं झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा. सांधा सुटला असेल तर सरस भरायचा. पण फाटकं फाटकंच ठेवायचं, डाग डागच ठेवायचा. एका खोक्यावर कुणीतरी सिगारेट टेकवून ठेवली होती. ते जळकं भोक घुम्या पाहुण्यांना असं दाखवी जसं कोणी नातवाची खळी दाखवावी.

थोरल्याला हे बघवत नसे. गादीवाल्याच्या घरात फाटकं कापड म्हणजे न्हाव्याच्या घरात वाढलेली दाढी, असं तो ज्याला त्याला सांगे. नुसतं बोट कर, एका दुपारी सगळ्यांना नवे कपडे शिवतो, असा त्याचा आग्रह. घुम्या हसून मान हलवी.

आठवड्यातून एकदा मंत्रिमंडळाची बैठक भरे. स्पीकरचा कोन कागदाचा असतो, तो हलता ठेवला नाही तर आखडतो. म्हणून घुम्याने एक जुनी गिटार आणि तिचं यंत्र घेऊन ठेवलं होतं; तो एकेका खोक्याला तार जोडी आणि गिटार छेडी. त्याला एकच कॉर्ड येत असे. सुईने टोचून टोचून बोटं राठ झालेली, ती तीन तारांवर ठेवायची आणि उजवा हात वरून खाली. झणण्ण. मग पुढचं खोकं. पुन्हा तेच. पण ऐकणारा मन लावून ऐकेल तर एक खोकं लोणी होतं, एक खडीसाखर, एक म्हातारं खोकत खोकत बोलणारं. खिडकीच्या काचा थरथरत, कपाटातली भांडी उत्तर देत, आणि या एवढ्या गजराच्या मधोमध घुम्या डोळे मिटून असा बसे की त्याच्या तोंडावरचा आनंद बघून आपल्यालाच गुदगुल्या व्हाव्यात.

अशात त्या म्हातारीचं खोकं नजरेस पडलं.

समुद्रापलीकडे एक म्हातारी बाई होती. तिचा नवरा नाचाच्या हॉलमध्ये गिटार वाजवत वाजवत म्हातारा झाला आणि मग वारला. त्याचं खोकं तिच्या बैठकीत उभं होतं, वर फुलदाणी ठेवून. ते तिला आता एखाद्या जाणत्या माणसाकडे द्यायचं होतं. मागणारे पुष्कळ आले. सगळ्यांनी किंमत विचारली, वर्ष विचारलं, स्पीकरचा नंबर विचारला. वास विचारणारा एकच निघाला. म्हातारीने लांबलचक उत्तर पाठवलं. फरशी पुसायच्या मेणाचा वास आहे, सिगारेटचा आहे, पावसात भिजलेल्या कोटाचा आहे, आणि नाक अगदी जवळ नेलं तर त्याच्या रागाचासुद्धा थोडा येतो. घुम्याच्या बायकोने हे वाचून दाखवलं आणि पहिल्यांदाच तिनेही खोक्याच्या फोटोकडे नीट बघितलं.

म्हातारीची अट होती. खोकं आहे तसं राहिलं पाहिजे. पोचल्यावरच्या रविवारी ती फोनवरून ते बघणार आणि ऐकणार. त्यातून तिच्या माणसाचा आवाज आला तर खोकं घुम्याचं. नाही आला, तर ते परत पाठवायचं. घुम्याने शब्द दिला. ज्याच्याकडे शब्दच कमी, त्याने एक देऊन टाकला म्हणजे काय ते समजून घ्या.

जहाजाला उशीर झाला आणि खोकं पोचायचा दिवस आला नेमका शनिवार. त्याच दिवशी घुम्याला बसच्या आगारात सीटांची मापं घ्यायला जायचं होतं. निघताना तो उंबऱ्यात थांबला. त्याला पुष्कळ सांगायचं होतं. तो म्हणाला, "दादा, आज येईल. जपून काढ."

आता आपल्याला कळतं की त्याला वेष्टनातून काढ म्हणायचं होतं. पण त्या दुकानात या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. ट्रकवाल्यांनी खोकं उतरवलं आणि जागा होती म्हणून दाराच्या डाव्या अंगाला ठेवलं. थोरल्याने वरच्या फळ्या उचकटल्या. ते काही त्याच्या हिशेबी काढणं नव्हे. आतून खोकं निघालं, तपकिरी, तोंडावर विटक्या सोनेरी रेघांचं कापड. थोरल्याला गहिवरून आलं. इतक्या वर्षांनी भावाने आपलं ऐकलं, एका तरी खोक्याला नवे कपडे घालायचं कबूल केलं.

आणि जपून काढ म्हणाला होता, म्हणून थोरल्याने जन्मात केलं नसेल असं जपून काम केलं. कापड ज्या चौकटीला ठोकलेलं होतं ती चौकट अलगद बाहेर घेतली. बोथट पटाशीने एकेक चूक उचलली. गंजलेल्या चुका ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने पाटावर मांडल्या. एक धागा तुटू दिला नाही. कापड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलं. वहिनीने खोक्यातला केर झाडून घेतला. मग थोरल्याने कपाटातून कलिंगडाच्या गरासारखं लाल रेक्झिन काढलं, फक्त खास गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं, आणि बाकावर पसरून भावाची वाट बघत बसला.

घुम्या आला. त्याने उघडं खोकं बघितलं, चारही स्पीकर डोळे वटारून बसलेले. त्याने लाल रेक्झिन बघितलं. मग तो वेष्टनाच्या फळीवर खाली बसला.

थोरला म्हणाला, "बघ, धागा तुटला नाही. कोण करील असं? अरे, आज तरी काही बोल."

घुम्या म्हणाला, "दादा, मी वेष्टनातून काढ म्हटलं होतं."

नंतर त्याने अट सांगितली, तुटक तुटक शब्दांत. तेव्हा चुका तोंडात असतानाही जे बंद होत नसे, ते थोरल्याचं तोंड बंद झालं. दुकानात अशी शांतता कोणी ऐकली नव्हती. शेजारचा चहावाला काय झालं म्हणून बघायला आला.

पण नळ किती वेळ बंद राहणार. थोरला उठला आणि म्हणाला की यात काय एवढं, आत्ता ठोकून देतो, ज्या भोकात जी चूक होती त्याच भोकात. फोनवर कोणाला दिसतंय. गप्प बसलं की झालं. आणि गप्प बसायला तुला कोणी शिकवायला नको.

घुम्या म्हणाला, "गप्प बसणं वेगळं. लपवणं वेगळं."

थोरल्याने वहिनीला साक्षीला बोलावलं, वहिनीने धाकटीला. घुम्याची बायको कचेरीतून आली, तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि सांगितलं की म्हातारीला खरं सांगायचं, आणि ती सांगेपर्यंत कापडाला कोणी हात लावायचा नाही. विरोधी पक्षाने पहिल्यांदाच सरकारच्या बाजूने मत दिलं. थोरला रात्री जेवला नाही. म्हणजे जेवला, पण न बोलता, त्यामुळे कुणाला जेवल्यासारखं वाटलं नाही.

रविवारी दुपारी सगळे मागच्या खोलीत जमले. फोन फोमच्या गुंडाळीला टेकवून उभा केला. म्हातारी पडद्यावर आली. केस नीट विंचरलेले, गळ्यात पोवळ्यांची माळ, हातात कप. घुम्याची बायको मध्ये बसली, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायला. म्हातारी काही म्हणायच्या आत घुम्या पुढे सरकला. घरच्यांनी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आजी, चूक झाली. माझ्या भावाने कापड काढलं. त्याचा दोष नाही. मी नीट सांगितलं नाही. मला वाटतं आपल्या मनातलं लोकांना आपोआप कळतं, पण तसं होत नाही. कापड धड आहे, पण निघालंय. तुम्ही म्हणाल तसं."

बायकोने ते सगळं तिकडे पोचवलं. म्हातारीने कप खाली ठेवला. उघडं खोकं नीट बघून घेतलं. मग म्हणाली, वाजवा.

घुम्याने तार जोडली, बोटं ठेवली, हात खाली आणला. झणण्ण. काय सुरेख आवाज होता तो. भरलेला, गोल, स्वच्छ, जसं विहिरीच्या तळातून कोणी हाक मारावी. वहिनीने हात गालाला लावला. थोरल्याने इतरांकडे बघितलं की, बघा, काही बिघडलं नाही.

म्हातारीने मान तिरकी केली. पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग सावकाश मान हलवली.

घुम्याच्या बायकोने भाषांतर करायच्या आधीच सगळ्यांना कळलं. तरी तिने केलं: "त्या म्हणतात, हा आवाज फार चांगल्या घरातला आहे. हा त्याचा नव्हे."

घुम्याने गिटार मांडीवर आडवी केली. म्हातारी सांगत होती. तिच्या माणसाच्या खोक्यात प्रत्येक खालच्या सुराखाली एक खुळखुळ असे. जसं कोणी खिशात किल्ल्या वाजवत उभं आहे. त्याने सगळे कारागीर पालथे घातले, स्क्रू आवळले, स्पीकर तपासले, पण ती खुळखुळ काही गेली नाही. त्याला तिचा फार राग होता. तिला मात्र तिची सवय झालेली. तो कुठल्याही हॉलमध्ये वाजवत असला तरी ती बाहेरून, नुसत्या खुळखुळीवरून ओळखायची की आपला माणूस आत आहे. आणि ती आता या खोक्यात नाही.

थोरला शपथा घ्यायला लागला की आपण एक स्क्रू आवळला नाही, एक सुद्धा नाही, कोणाच्याही डोक्यावर हात ठेवतो. घुम्या खोक्यासमोर गुडघ्यांवर बसून प्रत्येक स्पीकरला हात लावून बघत होता. सगळं घट्ट, सगळं जागच्या जागी. खोकं परत जाणार हे त्याच्या पाठीवरूनसुद्धा वाचता येत होतं.

तेव्हा वहिनी म्हणाली, "ती बटणं तर नव्हेत?"

कुठली बटणं, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, काल झाडताना तळाच्या खाचेत सापडली. चांगली मूठभर होती. तिकोनी, गुळगुळीत, रंगीबेरंगी. भोकं नाहीत त्यांना, पण परदेशातली बटणं तशीच असतील असं मला वाटलं. टाकायचा जीव होईना. सोफ्याच्या बटणांच्या डब्यात ठेवली.

डबा आला. वहिनीने तो बाकावर पालथा केला, आणि सोफ्याच्या गोल बटणांतून ती तिकोनी वेगळी करून घुम्याच्या ओंजळीत घातली. घुम्या बघतच राहिला. त्या नख्या होत्या, गिटार छेडायच्या प्लॅस्टिकच्या नख्या. वाजवणारे एखादी जादा नखी हाताशी असावी म्हणून खोक्याच्या तोंडाशी, चौकट आणि लाकूड यांच्या फटीत खोचून ठेवतात. ती खाली घसरते आणि कापडामागे पडते. गेली म्हणून दुसरी खोचतात. तीही पडते.

घुम्याने ओंजळ फोनसमोर धरली.

म्हातारीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोंडावर हात ठेवला. आधी तिचे खांदे हलले, मग माळ हलली, मग पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं, कारण फोन तिच्या हातातून पडला होता. छतामागून हसणं ऐकू येत होतं. दम लागायचा, थांबायचं, पुन्हा उसळायचं. इकडे काय झालं ते कुणालाच कळेना, पण हसणं ते हसणं. पहिली वहिनी फुटली, मग थोरला, आणि मग सगळी खोलीच.

फोन सरळ झाल्यावर तिने डोळे पुसत पुसत सांगितलं, आणि घुम्याच्या बायकोने तितकंच हसत भाषांतर केलं. सबंध संसारभर तो तिला बोल लावत आला होता. तू झाडतेस आणि माझ्या नख्या केरात जातात. प्रत्येक झाडलोटीच्या दिवशी भांडण. एकदा त्याने झाडूच लपवून ठेवला होता. शेवटी शेवटी तिलाही वाटायला लागलं होतं की आपणच टाकत असू.

"जन्मभर मी चोर ठरले," ती म्हणाली, "आणि सगळी चोरी त्याच्याच पायाशी उभ्या असलेल्या खोक्याच्या पोटात. वर त्या चोरीच्या आवाजावर चिडायचा तो."

मग तिने डोळे पुसून फर्मान काढलं. सगळ्या परत घाला. आत्ता.

नख्या तळाच्या खाचेत ओतल्या. पण त्या तिथे राहायच्या तर पुढे चौकट हवी, आणि चौकट बसवायला वेळ नव्हता. थोरल्याने कापड नळीवरून उलगडून चौकटीवर पांघरलं आणि चौकट खोक्याच्या तोंडाशी धरली. दोन्ही हातांनी, गुडघ्याने, गालाने, जसं दंगा करणाऱ्या मुलाला कवटाळावं. घुम्याने तार छेडली.

झणण्ण, आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी, खुळ्ळखुळ्ळ.

म्हातारीचे डोळे मिटलेले होते. "हाच," ती म्हणाली. "हाच तो भांडखोर. ठेवून घ्या."

थोरला खोक्याला गाल लावून होता, त्यामुळे तो सूर त्याच्या दातांतून, जबड्यातून, कवटीतून फिरून गेला होता. तो हात न सोडता म्हणाला, "अरे, हे असं असतं होय? आणखी एकदा." घुम्याने आणखी एकदा वाजवलं. मग आणखी एकदा. थोरल्याला उठवावं लागलं.

कापड पुन्हा ठोकलं जाताना आपण बघणार, असं म्हातारीने सांगितलं. तिला कुठे जायचं नव्हतं. थोरल्याने जुन्या गंजक्या चुका तोंडात घेतल्या आणि कामाला बसला. कापड मोकळं झाल्यावर बोटभर आखडलं होतं. रुंद जबड्याच्या पकडीत धरून तो ते हळूहळू ताणत होता, घाई न करता, प्रत्येक चूक तिच्याच भोकात. आणि अर्थातच बोलत होता. ओठाच्या कोपऱ्यातून त्याने म्हातारीला दुकान कसं उघडलं ते सांगितलं, बंदरावरच्या साहेबाची गोष्ट सांगितली. म्हातारीही तिच्या भाषेत झाडूची गोष्ट सांगत होती. घुम्याच्या बायकोने थोडा वेळ दोघांनाही पोचवायचा प्रयत्न केला, मग नाद सोडून चहा टाकायला गेली. त्यांचं काही अडलं नाही. एक थांबलं की दुसरं हसे, आणि हसण्याची जागा बरोबर येत असे.

सगळं ठोकून झालं तेव्हा म्हातारी पडद्याजवळ आली आणि तिने उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सोनेरी रेघा तिथे किंचित तिरक्या चालल्या होत्या. थोरला दुखावला. त्याने मागे सरून एक डोळा मिटून बघितलं, दुसरा मिटून बघितलं, आणि पटाशी उचलली. म्हातारीने चूक काढली होती; त्याने निमूट बसून त्या कोपऱ्यातल्या चुका काढल्या.

मग ती बोटाने सांगत राहिली, जरा वर, जरा खाली, आणि तो ताणत राहिला. तिला नीट दिसावं म्हणून घुम्याने फोन हातात उंच धरला होता. वहिनीने दोनदा विचारलं, मी धरू का. त्याने मान हलवून नको म्हटलं, आणि हात आणखी थोडा वर केला.